फेसाचं मशीन आणि पासष्ट लिटरचा ड्रम



दिवाळीच्या आवराआवरीत तीन वेगवेगळ्या जणींनी मला एकच प्रश्न विचारला. "मुलं मागे लागली आहेत, गाडी धुवायचं ते फेसाचं प्रेशर मशीन घेऊ म्हणतात. तुमच्याकडे आहे ना? घ्यावं का? पाणी किती जातं? दोष किती लागतो?"

दोष किती लागतो हे सांगायला मी काही महाराजसाहेब नाही. पण मी बी.कॉम. आहे आणि चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिते आहे. पाण्याचा हिशेब मात्र मी ठेवला आहे. तो आज तुमच्यापुढे मांडते. सोबत मशीन कसं जोडायचं, काय चुकतं, तेही सांगते, कारण ते आम्ही चुकत चुकतच शिकलो.

माझं माहेर मुरबाडचं, सासर शहापूरचं. मुरबाडच्या घरी मागच्या अंगणात विहीर होती. आजी दुहेरी सुती कापडाचं गळणं हंड्याच्या तोंडाला बांधून पाणी गाळायची. गाळून झालं की गळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने विसळायची आणि ते विसळलेलं पाणी परत विहिरीत सोडायची. सोडायची म्हणजे वरून ओतायची नाही. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि मगच हलकेच उलटी करायची. "वरून टाकलं तर त्यांना मार बसतो गं," म्हणायची. "त्यांना" म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना. आम्ही मुली तेव्हा हसायचो.

त्या आजीच्या पणतवाने २०२४ च्या एप्रिलमध्ये घरी जे मशीन आणलं, त्यावर लिहिलं होतं १२० बार. गाडीच्या चाकात आपण हवा भरतो ती सव्वादोन बारच्या आसपास. म्हणजे त्याच्या पन्नास पटींहून जास्त जोर! खोक्यावरचा आकडा वाचून मला पहिल्यांदा आजीच आठवली.

मुलाची बाजूही सांगायला हवी. तो रोज गाडीने भिवंडीला गोदामाच्या ऑफिसात जातो. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं त्या वर्षांत गाडी घरी यायची ती पीठ मळल्यासारखी पांढरी होऊन. पंधरा दिवसांनी एकदा तो बादली-फडकं घेऊन धुवायचा. पण कोरड्या मातीवर फडकं फिरवलं की बारीक चरे पडतात, आणि नवीन गाडीवर पडलेला चरा मुलग्यांना स्वतःच्या अंगावर पडल्यासारखा लागतो. त्याचं म्हणणं, आधी फेस मारला की माती भिजून सुटते, पाण्याबरोबर निघून जाते आणि मगच हात लावायचा. ते खरंच आहे. त्यात मी आजही खोट काढत नाही.

पहिला रविवार. नातू आठ वर्षांचा, तो उड्या मारतोय. मशीन थेट अंगणातल्या नळाला जोडलं. पहिल्यांदा फेस निघाला तो ताकावरच्या पाण्यासारखा पातळ, भराभर ओघळून जाणारा. मग बापलेकांनी पुन्हा मारला, पुन्हा मारला. शेवटी गाडी, अंगण, तुळशीवृंदावनाचा कठडा, सगळं पांढरंधोप. नातू फेसात नाचत होता आणि मी ओट्यावरून फोटो काढत होते. हो, मीही. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती आली. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. तालुक्यातल्याच एका पाड्यावरून ती जीपने येते. त्या दिवशी तिला दोन तास उशीर झाला होता. गेटपाशी थांबून ती थोडा वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "काकी, हे पाणी परत वापरता येतं का?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहिती हवी होती. मी म्हटलं, "नाही गं, साबणाचं आहे." ती "हां" म्हणाली आणि पदर खोचून आत गेली. भांडी घासता घासता उशीर का झाला ते तिने सांगितलं. टँकर रात्री येणार होता तो पहाटे आला. विहिरीत खाली झाला. रात्रीपासून बसलेल्या बायांच्या वाट्याला दोन-दोन हंडे आले.

मैत्रिणींनो, आमच्या तालुक्याबाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसा धरण १८९२ सालचं, इंग्रजांनी मुंबईसाठी बांधलेलं. भातसा त्यानंतरचं आणि त्याहून कितीतरी मोठं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून जेवढं पाणी मावतं, त्यातलं निम्म्याच्या जवळपास एकट्या भातसात मावतं. तिकडे मुरबाडच्या अंगाला बारवी आहे, तिचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं. पावसाळ्यात इथे असा पाऊस कोसळतो की भाताची खाचरं तुडुंब. आणि तरीही होळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. पाऊस डोंगरउतारावरून धावत निघून जातो आणि अडवलेलं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. लहानपणापासून हे बघत आल्यामुळे आम्हाला ते दिसेनासं झालं आहे. आमच्या घरी बोअर आहे, म्हणून तर आणखीच.

रात्री वही काढली. मशीनच्या पाटीवर लिहिलेलं होतं, मिनिटाला साडेसहा लिटर. सकाळी मुलाच्या मोबाइलात चित्रीकरण झालंच होतं, त्यावरून मशीन एकूण बावीस मिनिटं चाललं होतं असं निघालं. साडेसहा गुणिले बावीस, एकशे त्रेचाळीस लिटर. आमच्या घरचा हंडा पंधरा लिटरचा. म्हणजे साडेनऊ हंडे.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला आकडा दाखवला. तो चिडला. "आई, खोक्यावर वाच ना, पाइपने धुण्यापेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं. उलट आपण पाणी वाचवतोय!" मी म्हटलं, "बरं, मोजू." मोजायला तो नाही म्हणेना, माझाच मुलगा आहे.

पुढच्या तीन रविवारी आम्ही तीन प्रकारे मोजलं.

बादली आणि फडकं: पंधरा लिटरच्या दोन बादल्या, चाकांना आणखी थोडं. एकूण ४० लिटर.

साधा पाइप: आमच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली ५५ सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला सोळा लिटरांहून थोडं जास्त. पाइप बारा मिनिटं चालू होता, म्हणजे जवळपास १९६ लिटर. हा प्रयोग मी एकदाच करू दिला, आणि तोही तसाच वाया जाऊ नये म्हणून साबण न लावता, गाडी केळीच्या आळ्याला लागून उभी करून.

मशीन, नीट जोडून आणि बेताने वापरून: आधी तीन मिनिटं नुसतं पाणी, मग दीड मिनिट फेस, मग चार मिनिटं धुणं. साडेआठ मिनिटांचे ५५ लिटर, आणि मधे हातमोजा भिजवायला दहा लिटर. एकूण ६५.

आता बघा. खोक्यावरचं वाक्य खोटं नव्हतं. पाइपाच्या मानाने मशीनला पाणी एक तृतीयांशच लागलं. पण आमच्या घरात पाइपने गाडी धूत कोण होतं? कोणीच नाही. आम्ही धूत होतो बादलीने, आणि बादलीच्या मानाने ते दीडपटीहून जास्त होतं. कॉलेजात आमचे अकाउंटन्सीचे सर म्हणायचे की नफा सांगणाऱ्याला आधी विचारा, कशाच्या तुलनेत? त्याचा उपयोग मला असा अंगणात होईल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली, ती जास्त महत्त्वाची. बादलीच्या दिवसांत गाडी पंधरा दिवसांनी धुतली जायची. महिन्याला दोनदा, ८० लिटर. मशीन आल्यावर ती दर रविवारी धुवावीशी वाटायला लागली, कारण मजा येते! महिन्याला चारदा, २६० लिटर. सव्वातीन पट. आणि मशीन बाहेर काढलंच आहे तर स्कूटरही धुऊ, गेटही धुऊ, पायऱ्याही धुऊ. कष्ट कमी झाले की हात आवरत नाही. बादली उचलताना कंबर दुखायची, ती कंबरच पाण्याची राखण करत होती.

सासूबाई होत्या तोवर रोज सकाळी चौदा नियम धारायच्या. आज किती द्रव्यं खायची, किती वस्त्रं, किती वाहनं, स्नान किती वेळा, आणि त्याच्याच जोडीने अप्कायाची मर्यादा, म्हणजे आज माझ्या हातून किती पाणी वापरलं जाईल. सून म्हणून आल्यावर मला ते फार किचकट वाटायचं. आता वाटतं, हे तर बजेट आहे. खर्च झाल्यावर मोजण्याला हिशेब म्हणतात, खर्चाआधी आकडा ठरवण्याला नियम. मी आयुष्यभर हिशेबच लिहीत आले.

म्हणून आम्ही एकच गोष्ट बदलली. मशीन नळाला जोडायचं नाही, ड्रमला जोडायचं. ड्रम पासष्ट लिटरचा. भरतानाच बोअरचं पाणी गळण्यातून गाळून भरायचं. दहा लिटर हातमोज्यासाठी बाजूला काढायचे, बाकीचं मशीनला. ड्रम संपला की धुणं संपलं, मग छत राहिलेलं असो की चाक. नळ कधी "पुरे" म्हणत नाही. ड्रम म्हणतो.

आता ज्यांना जोडणीच हवी आहे त्यांच्यासाठी.

पहिलं, तुमचं मशीन ड्रममधून पाणी ओढतं का ते घेण्याआधीच विचारा. सगळी ओढत नाहीत. आम्ही ड्रम ओट्यावर ठेवतो आणि मशीन खाली अंगणात, म्हणजे पाणी आपसूक उतरतं आणि मशीनला ओढावं लागत नाही. पाइप आधी पाण्याने भरून घ्यायचा. मशीन चालू न करता गनचा खटका दाबून ठेवायचा, आतली हवा फस्‌फस्‌ करत निघून गेली आणि पाण्याची सलग धार आली की मगच बटण. कोरडं चाललं तर आतली सीलं जातात. म्हणून ड्रमचा तळ दिसायच्या आत बंद करायचं. आमच्याकडे आतल्या बाजूला तेलरंगाची एक रेघ मारली आहे आणि तिच्यावर पहारा नातवाचा. "आजी, रेघ!" अशी आरोळी आली की बापाने कुठे का असेना, बटण बंद. राहिलेलं पाणी तुळशीला.

दुसरं, वीज. हे मशीन पातळ एक्स्टेंशनवर चालवायचं नाही, वायर तापते. पंधरा अँपिअरचा पॉइंट हवा आणि घरात ईएलसीबी हवाच. ओलं अंगण, अनवाणी पाय आणि नाचणारं लेकरू. इथे काटकसर नको. ईएलसीबी बसवून घेईपर्यंत मी मशीन परत काढू दिलं नव्हतं.

तिसरं, पातळ फेसाचं कारण. साबण कमी पडतोय असं समजून आम्ही साबण वाढवत होतो. दोष होता फेसाच्या बाटलीतल्या पितळी नोझलचा. बहुतेक बाटल्यांबरोबर सव्वा मिलिमीटर छिद्राचं येतं, ते मोठ्या मशीनसाठी. मिनिटाला सहा-सात लिटरच्या घरगुती मशीनला १.१ मिलिमीटरचं लागतं. छिद्र बदललं आणि फेस दह्यासारखा घट्ट धरला. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, मुलानेच शोधून काढलं. बोअरच्या जड पाण्याने बाटलीतली जाळीही चोंदते. महिन्यातून एकदा ती व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घालायची.

चौथं, क्रम. सावलीत, गाडी गार असताना. आधी नुसतं पाणी वरून खाली. मग फेस, चार मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग ओल्या हातमोज्याने अलगद, आणि शेवटी पुन्हा वरून खाली धुणं. धार पंख्यासारखी पसरणारी ठेवा आणि गाडीपासून हातभर लांब. एका टोकाची सुईसारखी धार रंगालाही नको, टायरलाही नको. जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच पुसून घ्या.

पाचवं आपल्या घरांसाठी खास. पुसायला दुकानात "शॅमॉय" मागाल तर जपून. तो शब्दच मुळात चामड्याचा आहे. आल्प्समधल्या एका रानबकऱ्यासारख्या प्राण्याचं ते नाव, आणि आता बहुधा मेंढीचं कातडं असतं. कृत्रिमही मिळतं, ते विचारून घ्या, नाहीतर मायक्रोफायबरचं फडकं उत्तम. हातमोजा लोकरीचा नको. बारीक फटी साफ करायचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. चमक आणणाऱ्या मेणात कधी मधमाशांचं मेण असतं. कार्नोबा लिहिलेलं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं असतं, पण त्यातही दुसरं काही मिसळलंय का ते वाचा. मी दुकानात चष्मा लावून बाटलीची मागची बाजू वाचत बसते, दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

आणि या सगळ्याच्या आधी, जयणा. मशीन लावण्यापूर्वी मऊ केरसुणीने अंगण झाडून घ्यायचं. गाडीखाली वाकून बघायचं. चाकाच्या कमानीत कोळी घर करतो, बॉनेटमध्ये पाल असते, एकदा तर मांजरीचं पिल्लू निघालं होतं. भिंतीकडेने मुंग्यांची रांग असेल तर त्या दिवशी गाडी दुसरीकडे. हाताने धुताना दिसलेला जीव आपण बाजूला करू शकतो. १२० बारच्या धारेपुढे त्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

शेवाळाचंही सांगते. आमच्याकडे जुलैत अंगण हिरवंगार होतं. मशीन विकणारे हौसेने दाखवतात ते हेच, धार फिरवली की शेवाळ साफ. मुलाने गन उचललीही होती. मी आडवी उभी राहिले. शेवाळ म्हणजे अनंतकाय, एका बोटाएवढ्या जागेत अनंत जीव. आपल्याकडे त्यावर पाय पडू नये म्हणून जपतात, तिथे त्याला धारेने उडवायचं? उपाय जुनाच आहे. पावसाआधी अंगणाचा उतार नीट करायचा, पाणी साचू द्यायचं नाही आणि चुना मारून घ्यायचा. उगवू द्यायचं नाही, म्हणजे मारायची वेळ येत नाही. गेली दोन वर्षं मे महिन्यात आम्ही तेच करतो.

आता "हे पाणी परत वापरता येतं का?" हा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर मिळालं. पहिली तीन मिनिटं नुसत्या पाण्याची असतात, त्यात मातीशिवाय काही नसतं. गाडी आता आम्ही अशी उभी करतो की ते पाणी केळीच्या आळ्यात जातं. साबणाचं पाणी मात्र वेगळ्या वाटेने गटारात. जर्मनीतली माझी भाची सांगते, तिथे घरासमोर साबण लावून गाडी धुवायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, कारण ते पाणी जमिनीत आणि नदीत जातं. आणि २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूला पाणीटंचाई झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावला होता. दंडाची पावती आली की शहाणपण येतंच. मला वाटतं, सासूबाईंची यादी त्याआधीच येऊन गेलेली होती.

एक शेवटची गोष्ट, आणि ती मला हिशेबात बसवता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या तिला काम करता करता ताप भरला. जीप मिळण्याची वेळ नव्हती. मुलगा म्हणाला, मी सोडून येतो. गेला तो तासाभराचा रस्ता दोन-अडीच तास लावून परत आला. जेवताना गप्प. सून म्हणाली, काय झालं? म्हणाला, "काही नाही. तिच्या घरी पाणी प्यायला दिलं. मी नको म्हटलं, तर तिला वाईट वाटलं. मग प्यायलो." एवढंच. तो तिथे काय काय बघून आला ते त्याने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. गाडी मातीने माखलेली होती. रविवार आला. नातू ड्रम घेऊन तयार. मुलगा म्हणाला, "पाऊस पडल्यावर धुऊ." मशीन माळ्यावर गेलं ते पाऊस सुरू होईपर्यंत उतरलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत मशीन बंद. गाडी एका बादलीने, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. धूळ राहिली तर राहू दे. भर पावसाळ्यात एकदा, खालचा चिखल खडखडीत झाला की. आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा. वर्षभरात मशीन सहा वेळा, ३९० लिटर. उरलेले अठरा पंधरवडे प्रत्येकी एक बादली, २७० लिटर. एकूण ६६०. मशीन यायच्या आधी आम्ही वर्षाला ९६० लिटर वापरत होतो. म्हणजे मशीन आलं आणि पाणी तीनशे लिटरने कमी झालं. पण मैत्रिणींनो, हे श्रेय मशीनला देऊ नका. ते ड्रमवरच्या रेघेचं आहे, आणि गेटपाशी थांबून विचारलेल्या एका प्रश्नाचं.

त्या तीनशे लिटरांनी पाड्यावरच्या कोणाचा हंडा भरत नाही, हेही मला कळतं. आमच्या बोअरचं पाणी तिच्या विहिरीत जात नाही. एकदा मी तिला म्हटलं, येताना कॅन घेऊन येत जा, इथून भरून ने. ती हसली. "काकी, जीपवाला माणसाचं भाडं घेतो तेवढंच कॅनचं घेतो." मग मुलगा कधी त्या बाजूला जाणार असला की डिकीत चार कॅन भरून नेतो. दर वेळी जमतं असं नाही. म्हणून ते मी वहीत जमेच्या बाजूला लिहीत नाही.

तर, मशीन घ्यावं का? घ्यायचंच असेल तर त्याच दिवशी ड्रमही घ्या. आणि पहिल्या रविवारी फोटो काढण्याआधी बादली मांडून मोजा.

माझ्या लिहिण्यात जिनाज्ञेच्या विरुद्ध काही आलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मनापासून मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!